चोर्ला घाटात गाडी दम सोडते: टर्बो बदलू, रिमॅप करू की आणखी काही?

साखळीकर:
गाडी २०१३ची, १२४८ सीसी टर्बो डिझेल, १ लाख ४२ हजार किमी. साखळीहून केरीपर्यंत लोण्यासारखी जाते. चोर्ला घाट लागला की तिसऱ्या गिअरमध्ये मान टाकते. पाय पार दाबला तरी अडीच हजार आरपीएमच्या वर जायला मागत नाही, मागे काळा धूर आणि बॉनेटखालून फुस्स असा आवाज. चवथीच्या सामानाला बेळगावला निघालो होतो, मागच्या बसवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही!

इंजिन लाइट लागतो. बंद करून पाच मिनिटांनी चालू केली की परत शहाण्यासारखी वागते. ब्लूटूथवाला ओबीडी (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर कोड पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी, टर्बो इंजिनात हवा पुरेशा दाबाने कोंबत नाही. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे आहेत. एका गॅरेजवाल्याने काही न उघडता 'टर्बो गेला, नवा घाला' म्हणून सांगितलं. भाचा म्हणतो, मामा, रिमॅप कर (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढव), सगळं सुटेल. पान्यांची पेटी आहे, जॅक आहे, रविवार मोकळा आहे. सुरुवात कुठून करू?

म्हापशेकर:
दादा, भाच्याला थांबवा. काळा धूर म्हणजे डिझेल पडतंय पण हवा पोचत नाही. रिमॅप आणखी डिझेल नि आणखी बूस्ट मागणार. पाइप फुटका असेल तर धूरच वाढेल.

टर्बो ते इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इनटेक (इंजिनात हवा शिरते ती जागा), हे दोन पाइप बघा. वरून ठणठणीत दिसतात, भेग असते खालच्या अंगाला. हात फिरवा, बाहेरून काळं तेल लागलं तर जागा तीच. आत तेलाचा पातळ थर असतोच, वाटीभर निघालं तरच काळजी करा.

खात्री करायची तर इंजिन गार झाल्यावर टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडाचा पाइप काढा. तिथे पीव्हीसीची एंड कॅप क्लॅम्पने आवळा. कॅपला भोक पाडून टायरचा वॉल्व बसवा आणि १२ व्होल्टच्या टायर पंपाने ८-१० पीएसआय भरा, जास्त नको. सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. थोडी हवा इंजिनातून निसटेल, ती सोडून द्या. बुडबुडे कुठे येतात तेवढं बघा.

वाळपईचो:
पात्रांव, पाइप धड निघाले तर वेस्टगेटची, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, दांडी बघ. आपल्याकडच्या पावसात ती गंजते. उघडी अडकली की धूर टर्बाइनला न फिरवता बाजूने निघून जातो, मग बूस्ट कुठला? आणि टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलव. आडवा किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हलला तर मात्र गॅरेजवाला खरं बोलला.

रिमॅपचं म्हणशील तर आधी क्लच किती जुना ते सांग. माझा रिमॅपच्या वाढीव ताकदीने दोन महिन्यांत घसरायला लागला, तोही याच घाटात. विमावाल्याला न कळवता करू नकोस, आणि मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ एकदा वाच.

साखळीकर:
सापडलं! कॅप, वॉल्व, पंप सगळं सांगितल्याप्रमाणे. वरचे सांधे कोरडे. आरसा घेऊन बंपरखाली आडवा झालो तर इंटरकूलरच्या खालच्या पाइपाला फेस आलेला, क्लॅम्पच्या अगदी कडेला. पाइप काढून वाकवला तेव्हा कुठे भेग दिसली, अर्ध्या बोटाएवढी. सोडला की परत मिटते. म्हणूनच सपाटीला काही नव्हतं, जोर आला की तोंड उघडायचं.

नवा पाइप टाकला, क्लॅम्प दोन्ही नवे. कोड पुसून काल घाट चढलो, भाचा मोबाइलवर आकडे वाचत होता. इनटेकचा दाब आधी १४० केपीएला अडायचा (त्यात बाहेरच्या हवेचे १०० आलेच), तो २०० ओलांडून गेला. धूर नाही. गाडी तिसऱ्यात चढली.

क्लच मूळचाच आहे, त्यामुळे रिमॅप तूर्त बाद. भाचा रुसलाय. शाफ्ट ठीक आहे. वेस्टगेटची दांडी हलते पण कुरकुरते, तिला ग्रीस लावू का?

म्हापशेकर:
ग्रीस नको, तिथल्या उष्णतेत जळून दगड होतं. गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर मुरू द्या, दांडी दहा-बारा वेळा हलवा, मग तांब्याची अँटी-सीझ (गंजून अडकू न देणारी) पेस्ट पातळ लावा. आणि जुना पाइप टाकू नका, भाच्याला दाखवायला ठेवा.