मदत हवी आहे: एरंडेल चाचणीत अर्क चालतो, कोळशाच्या चाचणीत नाही

पेरूच्या पानांचा अर्क जुलाब थांबवतो का, ते पाहायचं आहे. 70% इथेनॉलमधला अर्क, उंदरांना तोंडावाटे 100, 200, 400 मिग्रॅ/किलो. 18 तास उपास (पाणी चालू), अर्कानंतर तासाभराने जुलाब व्हावेत म्हणून 0.5 मिली एरंडेल, मग 4 तास टिपकागदावरचे ओले डाग मोजणे, कागद दर तासाला बदलून. तुलनेला लोपेरामाइड (जुलाब थांबवणारं औषध) 3 मिग्रॅ/किलो. 400 ला डाग स्पष्ट कमी. पण आतड्याची हालचाल मोजायला पाजलेल्या कोळशाची आतड्यातली मजल नियंत्रण गटाइतकीच! मग परिणाम आतड्यात सुटणाऱ्या द्रवावर (स्रावावर) धरायचा, की हा नुसता टॅनिनचा (पानांतल्या तुरट द्रव्यांचा) तुरटपणा? पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी पावडर) टॅनिन काढून तोच डोस पुन्हा देण्यात अर्थ आहे का? की आधी आतडं बांधून आतल्या द्रवाचं वजन करावं?

शिवाय 0.5% सीएमसीत (अर्क तरंगता ठेवायचा दाट द्राव) अर्काचा गाळ सिरिंजमध्ये बसतो, डोस असमान जातो. ट्वीन 80 (अर्क पाण्यात मिसळायला मदत करणारा पदार्थ) वाढवायला मन धजत नाही, त्याने स्वतःच जुलाब झाले तर? काय वापरता?