पत्ते ओळखीचे, डाव नवा : तुम्ही पोकर कसं शिकलात?

खान्देशात पत्ते कुणाला शिकवावे लागत नाहीत. आखाजीला लेकी माहेरी आल्या, झोके बांधून झाले, आमरस-पुरणाचं जेवण झालं की ओट्यावर चादर पडते आणि पत्ते पिसले जातात. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, रमी, तीन पत्ती हे सगळं आपण मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसून शिकलो. पोकर मात्र तसं नुसतं बघून येत नाही. पुण्या-मुंबईहून सुटीला आलेली पोरं ते घरी आणतात, आणि तीन पत्तीत मुरलेली माणसंही पहिल्या बैठकीत अडखळतात. मला हा खेळ मनापासून आवडतो. आपल्याकडे तो नीट, समजून आणि घरातल्या घरात खेळला जावा असं वाटतं, म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मधोमध पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडे पडतात : आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). वाटपानंतर एक आणि या प्रत्येक टप्प्यानंतर एक, अशा बोलीच्या चार फेऱ्या. आपले दोन आणि मधले पाच, या सातांतून ज्याचे पाच सगळ्यात भारी त्याचा डाव. किंवा बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले तर उरलेल्याचा, मग त्याच्या हातात काहीही असो.

नियम कुठेही वाचायला मिळतील. तुम्हाला खेळ कशामुळे उमगला ते लिहा. अट एकच, पैशाच्या हारजितीचे किस्से नकोत.

चोपडा, केळी बागायतदार

भाचा पुण्याहून आला होता. डब्यातले चिंचोके काढले, प्रत्येकाला शंभर-शंभर वाटले आणि मळ्यातल्या खोलीत बसलो. एका डावात माझी पंजी ते नव्वी अशी रांग लागली. भाच्याकडे पाच बदाम. मी चिंचोके ओढायला लागलो तर तो म्हणे, "मामा, थांबा. कलर मोठा."

मी म्हटलं, "हाऊ कोणता कायदा शे भो? सिक्वेन्स कलरना वर ऱ्हास."

त्यानं वाद घातला नाही. खतांचा हिशेब लिहायची वही ओढली आणि मागच्या पानावर मांडून दाखवलं. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यात साधा सिक्वेन्स ७२० वेळा आणि कलर १,०९६ वेळा. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तीन पत्तीत तो वर. पाच पत्ते घेतले की एकूण प्रकार होतात २५,९८,९६०. त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. इथे कलर दुर्मीळ, म्हणून इथे तो वर. ते पान मी अजून फाडलेलं नाही. लहानपणापासून जो क्रम आपण पाठ म्हणत आलो त्याच्यामागे असा हिशेब आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तीन पत्तीवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. आपल्याकडे ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, सगळ्यांच्या डोक्यावर, पोकरात तो साध्या रांगेच्याही खाली. वरून खाली क्रम असा : एकाच रंगाची रांग, चार सारखे, फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी), कलर, रांग, तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठा पत्ता. एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी एकाच रंगाची आली तर तिला रॉयल फ्लश म्हणतात. एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी ही मात्र सगळ्यात छोटी रांग. आणि पत्ता न पाहता निम्मी चाल, साइड शो, यातलं इथे काही नाही.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

नव्या माणसाला एक्का दिसला की तो खेळतोच. एक्क्यासोबत दुसरा पत्ता कोणता, ते बघा. तुमच्याकडे एक्का-अठ्ठी, समोर एक्का-राजा. मधे एक्का, गुलाम, दश्शी, पंजी, तिर्री. जोडी दोघांची एक्क्यांचीच, पण पाच पत्ते मोजायचे म्हटल्यावर त्याचा राजा पुढे येतो आणि डाव त्याचा. या पत्त्याला किकर म्हणतात. माझ्यासाठी सगळा खेळ या एका पत्त्यानं उघडला.

धुळे, गृहिणी

वरचे दोघं खेळलेल्या डावांविषयी लिहीत आहेत. मी न खेळलेल्या डावांविषयी लिहिते.

आमची बैठक म्हणजे मी, दोन्ही वहिन्या, मोठी भाची आणि जिजी. तीन पत्तीत बूट (वाटपाआधीची बोली) सगळ्यांनी लावलेला असतो, त्यामुळे सोडवत नाही. होल्डेममध्ये वाटपाआधी फक्त दोघींना लावावं लागतं. वाटणारीच्या डावीकडची छोटा ब्लाइंड लावते, तिच्या पुढची साधारण त्याच्या दुप्पट, मोठा ब्लाइंड. बाकीच्यांनी काहीच लावलेलं नसतं. पत्ते बघायचे, नाही पटले तर खाली ठेवायचे, एक चिंचोकाही जात नाही. सत्ती-दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची, हा तर सगळ्यात वाईट हात मानतात. पण टाकून देऊन पुढचा डाव नुसता बघत बसायचं, हे अंगवळणी पडायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. ज्या दिवशी ते जमलं त्या दिवसापासून बैठकीत खरी रंगत आली, कारण हात रिकामे असले की दुसऱ्यांकडे लक्ष जातं.

दुसरं, बसायच्या जागेचं. फ्लॉपनंतर वाटणारी सगळ्यात शेवटी बोलते. कोणी वाढवलं, कोणी नुसतं चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), हे सगळं बघून तिला ठरवता येतं. त्यामुळे राणी-दश्शीसारखा मधला हात मला सगळ्यांच्या आधी बोलायचं असेल तर मी टाकते, आणि वाटण्याची पाळी माझी असेल तर खेळते. पत्ते तेच, फक्त जागा बदलली.

आता जिजीचं. ती पत्ते एकदाच बघते, पालथे ठेवते आणि वर चष्म्याची डबी ठेवते. चांगला हात असला की बोटानं ढकलत ढकलत ती डबी पत्त्यांच्या कडेला अगदी समांतर करते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक झालं होतं, तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. परवा तिनं डबी सरळ केली, वीस चिंचोके पुढे सरकवले आणि आम्ही चौघींनी पत्ते टाकले. तिनं आपले उलटून दाखवले : नव्वी आणि चौकी, मधल्या कशाशीच जुळत नव्हती. हुलकावणी म्हणजे काय हे तिला आम्ही कधी समजावलेलंच नव्हतं.

अमळनेर, गणित शिक्षक

जिजींना नमस्कार सांगा.

बोलीचा आकडा आणि उरलेल्या पत्त्यांचा आकडा शेजारी शेजारी मांडला की शिकणाऱ्याची निम्मी भीती जाते. समजा, तुमच्याकडे इस्पिकचे दोन आहेत आणि फ्लॉपवर आणखी दोन इस्पिक आली. कलरला एक हवं. तेरांपैकी चार दिसली, उरली नऊ. न दिसलेले पत्ते सत्तेचाळीस. पुढच्याच पत्त्यावर कलर व्हायची शक्यता ९/४७, म्हणजे सुमारे १९ टक्के. टर्न आणि रिव्हर दोन्ही धरले तर सुमारे ३५ टक्के. कागद नसेल तर तोंडी करा : दोन पत्ते यायचे असतील तर उपयोगी पत्त्यांना चारनं गुणा, एकच यायचा असेल तर दोननं, साधारण टक्के मिळतात.

आता मधे ६० चिंचोके आहेत आणि समोरच्यानं ३० लावले. मधे झाले ९०. तुम्ही ३० घातले की ढीग १२०चा. त्यात तुमचे ३० म्हणजे २५ टक्के. जिंकायची शक्यता याहून जास्त असेल तर पुढे जायचं. एकच पत्ता बाकी असेल तर तुमच्याकडे जेमतेम २० टक्के आहेत, पत्ते टाका. पण हेच फ्लॉपवर घडलं आणि समोरच्यानं त्याचे शेवटचे ३० लावले असतील, पुढे बोलीच उरलेली नसेल, तर तुमच्या बाजूनं ३५ टक्के आहेत, घाला. पत्ते तेच, बोली तीच, आणि उत्तरं दोन. मला या खेळाचं सौंदर्य इथे दिसतं.

चोपडा

सर, आणि समोरच्याकडेही इस्पिकचाच कलर होत असेल तर?

अमळनेर

बरोबर प्रश्न. मग नऊचे नऊ पत्ते उपयोगी राहत नाहीत. हातात इस्पिकचा एक्का असेल तर निर्धास्त मोजा, पंजी-छक्की असेल तर हात आखडता घ्या.

शिरपूर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

मी पत्त्यांकडे संगणकामुळे वळलो. बुद्धिबळात सगळं पटावर दिसतं, पोकरात निम्मं झाकलेलं असतं, म्हणून यंत्राला ते अवघड गेलं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लिब्राटस या प्रणालीनं २०१७ मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना दोघांच्या होल्डेममध्ये हरवलं. २०१९ मध्ये प्लुरिबस सहा जणांच्या खेळात सरस ठरला. तो माणसांचे डाव बघून शिकला नव्हता, स्वतःशीच खेळून शिकला होता. हे वाचल्यावर मीही पत्ते उघडे ठेवून एकट्यानं चौघांचे डाव खेळायला लागलो. नव्यानं शिकणाऱ्यानं हे जरूर करून बघावं. कुणाला काय दिसतंय आणि काय नाही, ते डोळ्यांसमोर येतं.

जळगाव, वकील

चिंचोक्यांनीच खेळा, हे मी कळकळीनं सांगतोय. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधाचा १८८७चा कायदा आजही लागू आहे, आणि झन्नामन्नाच्या अड्ड्यांवर छापे पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मोबाइलवर पैसे लावून खेळायचे खेळ संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंद केले, त्यात पोकरही आलं. त्याआधी माझ्या एका अशिलाच्या मुलानं कॉलेजची फी अशाच एका अ‍ॅपवर घालवली होती. बाप माझ्या टेबलासमोर बसून बँकेचा मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होता. त्या मुलाला पत्त्यांचा क्रमसुद्धा धड पाठ नव्हता. खेळ समजायच्या आधी त्याच्या हातात पैसे लावायचं बटण आलं, माझी तक्रार एवढीच आहे.

नंदुरबार

मी आणि बायको दोघंच खेळतो. मग ब्लाइंड कसे लावायचे? आणि मधले पाच पत्तेच दोघांपेक्षा भारी असले तर डाव कुणाचा?

भुसावळ

दोघंच असाल तर वाटणाऱ्यानं छोटा ब्लाइंड लावायचा, दुसऱ्यानं मोठा. फ्लॉपच्या आधी वाटणारा पहिला बोलतो, फ्लॉपनंतर शेवटी. मधले पाचच सगळ्यात भारी असतील तर ढीग निम्मा-निम्मा. इस्पिक मोठं, किलवर छोटं असलं काही इथे धरायचं नाही, चारही रंग सारखे.

नंदुरबार

निम्मे करून एक चिंचोका उरला तर?

भुसावळ

वाटणाऱ्याच्या डावीकडून मोजत या, पहिला जो वाटेकरी लागेल त्याचा. तुम्ही दोघंच आहात, म्हणजे न वाटणाऱ्याचा. पुढच्या डावाला वाटप त्याच्याकडे.