क्रूझवर थँक्सगिव्हिंग: सण की पळवाट?

गॅल्व्हस्टनवारी
गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात गॅल्व्हस्टन बंदरातून मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाची क्रूझ केली. यंदाही जायचं म्हणतेय, तर आमच्या ह्यूस्टनच्या कंपूत 'सण सोडून पळालात' असं ऐकवलं जातंय. तुम्हीच सांगा.

अठरा वर्षं मी घरी वीस-बावीस माणसांचं केलं. बारा पौंडांची गोठलेली टर्की फ्रीजमध्ये सैल व्हायला तीन दिवस लागतात, म्हणजे सोमवारपासून खालचा खण तिचा. शाकाहारी मंडळींचं वेगळं, कारण ग्रेव्हीचा चमचा इकडचा तिकडे झाला की आत्याबाई ताटावरून उठतात. गुरुवारी चार वाजता सगळे ढेकर देऊन फुटबॉल लावतात आणि मी सिंकपाशी. आभार मानायचा दिवस ना हा? मग एका वर्षी कुणी मला वाढलं तर काय बिघडलं? बोटीवर टर्की, क्रॅनबेरी सॉस, पंपकिन पाय, सगळं होतं. टर्की कोरडी होती. माझीही होते.

शुगरलँडचा बाळू
ताई, राग मानू नका, पण हे हॉटेलात गणपती बसवल्यासारखं झालं. मी शिकायला आलो तेव्हा पहिल्या थँक्सगिव्हिंगला कॅम्पस ओस, मेस बंद, खोलीत मॅगीची दोन पाकिटं. एका मराठी काकूंचा फोन आला, "जेवायला ये, डबाही घेऊन ये." तो डबा मला शुक्रवार-शनिवार पुरला. घरात ऐनवेळी एक पान वाढवता येतं. बोटीवर येणाऱ्यांची यादी निघायच्या आधीच बंद होते. आणि आपण मौज करताना राबतं कोण? घरदार सोडून आलेले लोकच ना?

गॅल्व्हस्टनवारी
अशी पोरं माझ्याकडेही आली, त्याचा आनंदच आहे. त्यातल्या किती जणांनी ताट उचललं ते विचारू नका.

तारवटी फोंड्याचो
आमच्या गोव्यात बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. मी नऊ वर्षं डायनिंग रूममध्ये होतो, म्हणून बोलतो. त्या आठवड्यात बोट खचाखच, पोरंटोरं भरपूर, जेवणाच्या दोन पंगती. पहिली उठते न उठते तोच दुसरीचे काटे-चमचे मांडायचे. कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं, त्यात सुट्टीचा अख्खा दिवस नाही. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे चोवीस तासांत दहा तास विश्रांती, तीही दोन तुकड्यांत चालते, एक तुकडा किमान सहाचा. नऊ वर्षांत चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, घरी दोनदाच मिळाली.

एका थँक्सगिव्हिंगला रात्री साडेअकराला क्रू मेसमध्ये गेलो. टर्कीची परात तशीच भरलेली, डाळ-भाताचं पातेलं खरवडलेलं.

तरी सांगतो, या. बोट रिकामी गेली तर आम्ही घरी बसणार. फक्त शेवटच्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला रांग लावून ऑटो-ग्रॅच्युइटी, म्हणजे बिलात आपोआप लागलेली आमची टिप, काढून घेऊ नका. हसत जेवणारेच सकाळी त्या रांगेत दिसतात.

बॉस्टनची मावशी
'खरा सण घरातच' म्हणणाऱ्यांसाठी: हा सणच बोटीतून उतरलाय. १६२० मध्ये इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी ६६ दिवसांनी अमेरिकेला पोचले, पहिल्या हिवाळ्यात निम्मे वारले, उरलेल्यांनी १६२१ मध्ये तिथल्या मूलनिवासी वाम्पानोआग लोकांबरोबर जेवण केलं. त्या वाम्पानोआगांचे वंशज आणि इतर मूलनिवासी १९७० पासून याच दिवशी आमच्या इकडे प्लिमथला शोक पाळतात. तारीखही पवित्र वगैरे नाही. नाताळची खरेदी वाढावी म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९३९ मध्ये ती आठवडाभर अलीकडे ओढली, गोंधळ झाला, शेवटी १९४१ मध्ये नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला.

मला स्वतःला मात्र क्रूझ नको. मुलं किड्स क्लबात, नवरा कॅसिनोत, मी बाल्कनीत. एकत्र जेवायला एवढा खर्च कशाला?

शुगरलँडचा बाळू
इतिहास मान्य. पण तारवटीबाब, ताईंचं ओझं तुमच्या खांद्यावर गेलं, एवढंच ना झालं?

तारवटी फोंड्याचो
मला त्याचा पगार मिळत होता. ताईंना?

गॅल्व्हस्टनवारी
बुक केलं. बाळूभाऊ, घराची किल्ली तुमच्याकडे ठेवते. फ्रीझरमध्ये टर्की आहे, पोरांना बोलवा आणि खुशाल पानं वाढवा.

शुगरलँडचा बाळू
चालेल! गुरुवारी सकाळी फ्रीझरमधून काढली की पुरे ना?