सुट्टीतला रियाज : तुमच्या आठवणी लिहा

पेटीवाला_वडगाव

परवा आईनं दिवाळीच्या साफसफाईसाठी माळा रिकामा करायला लावला आणि माझी सहावीतली वही सापडली. शाळेची नव्हे, पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या क्लासची. दोनशे पानी, वरचा पुठ्ठा कसरीनं खाल्लेला. आत अलंकार, म्हणजे सुरांच्या सरावाचे पाठ. स्वर मी देवनागरीत लिहिलेले आणि त्यांच्या खाली मात्रांचे आकडे सरांनी लाल पेनानं घातलेले, कानडीत. मला तेव्हा कानडी आकडे नीट येत नव्हते. म्हणून प्रत्येक आकड्याच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक मराठी आकडा लिहून ठेवलाय. कानडी सहा आणि नऊ मला सारखेच दिसायचे. एका पानावर नवाच्या जागी सहा आहे आणि तिथंच सरांची लाल गोल खूण.

वही मांडीवर घेऊन स्टुलावरच बसून राहिलो. आई खालनं हाका मारतेय, "जळमटं काढलास काय?"

वहीत तारखा आहेत. सगळ्यांत भरलेली पानं दसऱ्याच्या सुट्टीतली. बाहेरच्यांसाठी सांगतो : आमच्याकडं बेळगावात कर्नाटकाची शाळा, म्हणजे मोठी सुट्टी दसऱ्याला, पंधरा-वीस दिवस. दिवाळीला मोजून तीन-चार. माझा मामा कोल्हापूरला, तिकडं सुट्टी दिवाळीची. उन्हाळ्यातही आम्हाला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, त्यांना मे महिन्यात. मामाची पोरं मोकळी झाली की आमची शाळा उघडायची वेळ. दसऱ्यात मी घरात एकटाच. बाबांनी सरांना सांगितलं, ह्याला रोज घ्या.

सकाळी सहाला सायकल. सर घरात कानडी बोलायचे, माझ्याशी थोडं मराठी, थोडं खुणांनी. मात्रा मोजायचे ते ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. ‘इन्नोम्मे’, म्हणजे आणखी एकदा, हा शब्द मी शाळेच्या आधी त्यांच्याकडनं शिकलो. भैरवचा आरोह-अवरोह. इन्नोम्मे. परत. इन्नोम्मे. काकूंनी ठेवलेल्या चहावर साय धरायची आणि सर डोळे मिटून बसलेले असायचे. माझा कोमल रे जरा वर सरकला की डोळे न उघडता नुसतं बोट हलवायचे.

आता मी २१. धारवाडला शिकतो, साथीला बसतो. सुट्टीला घरी येतो खरं सुट्टी अशी राहिलेली नाही. लोकांचा सण ते आमचं काम. नवरात्रात भजनं, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम, तुळशीचं लग्न झालं की लग्नंच लग्नं. घरात सगळे उटणं लावून बसलेले असतात आणि मी पेटी गाडीला बांधत असतो. मला हे काम आवडतं. तरी ती वही बघून त्या वीस दिवसांची फार आठवण आली. कुणी ऐकणारं नाही, मानधन नाही, नुसतं इन्नोम्मे.

तुमचं काय? सुट्टीत तुमचं वाद्य कुठं असायचं? लांब लिहिलं तरी चालेल.

मावशी_गडहिंग्लजची

सेम सेम सेम!! तिकडं दिवाळीची सुट्टी लागली की मावशीचा फोन, "ये की गं." आणि आमची शाळा चालू. रडायची मी. माझं वाद्य वगैरे काही नाही, सुट्टीचं वाचून राहवलं नाही. रात्री येते परत, कणीक भिजवून ठेवलेय.

यळ्ळूरचा_मृदंग

कणीक म्हटलंस म्हणून लिहायलोय.

आमच्यात कोजागिरीपासनं कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा असतोय. महिनाभर, पहाटे चारला देवळात. मी आठवीपासनं पखवाजाला. दिवाळी त्याच्या मधीच येते. त्यामुळं दिवाळी म्हटलं की मला फटाके नाही आठवत, कणीक आठवते. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावल्याशिवाय घुमारा येत नाही. आई रात्रीच मूठभर पीठ वाटीत काढून ठेवायची, त्यात मीठ पडू द्यायची नाही. देवळातलं पाणी असलं गार की बोटं बधिर. त्याच पाण्यात तिंबायची. सैल झाली तर ओघळते, घट्ट झाली तर मधीच सुटून मांडीवर पडते. पुरीएवढी मधोमध थापायची, कडा बोटानं दाबून घ्यायच्या, वरनं ओलं बोट फिरवायचं. मग एक थाप. नाद बरोबर लागला की टाळकरी म्हातारे मान न वळवता टाळ सुरू करायचे. ती त्यांची पसंती.

काकडा झाला की तसंच शेतात. सुगी असते ना. भात कापून कापून तळव्याला फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच हातानं थाप मारायची. पहिली दोन मिनिटं झोंबतंय, मग कळत नाही.

ह्या वर्षीबी चालू आहे. आत्ता बांधावरनं लिहायलोय.

ओटा_आणि_ओवी

माझी मुलगी तबला शिकते. परीक्षा आहे, प्रवेशिका पूर्ण, नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र. त्यामुळे चकलीचा सोऱ्या आणि तबल्याचा कायदा (सरावाची रचना) एकत्रच चालू. मी भाजणी मळतेय आणि ती ओट्यावर बोटांनी धाधा तिट धाधा तूना. काल करंज्यांना मुरड घालताना माझ्या तोंडात तेच होतं, आणि खरं सांगते, मुरड एकसारखी पडली.

अडचण अशी की आम्ही फ्लॅटमध्ये आणि वरच्या घरात बाळंतीण आहे. दुपारी वाजवता येत नाही, संध्याकाळी पाहुणे. मुलगी रडवेली झालेय. कुणाकडं काही उपाय?

काळी_दोन

ताई, डग्ग्यावर दुपट्टा दुहेरी करून टाका, तबल्यावर पातळ रुमाल. आवाज निम्म्याखाली येतो. उशीवर वाजवू देऊ नका, बोटांना उलटी सवय लागते. आणि दुपारी पढंत करू दे, म्हणजे तबल्याचे बोल म्हणू दे. टाळी-खाली देत, तोंडानं, हळू आवाजात. परीक्षेत पढंत विचारतातच. बाळंतिणीच्या बाळालाही झोप लागेल.

चिरमुरे

भाजणीचं प्रमाण द्या ना ताई. माझी चकली तेलात सुटते दरवर्षी.

ओटा_आणि_ओवी

@काळी_दोन, खूप आभार. आज रुमाल टाकून बसली तासभर, वरून काही निरोप आला नाही.

@चिरमुरे, तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, मूगडाळ १, उडीद डाळ १. धणे-जिरे अंदाजानं. सगळं वेगवेगळं भाजायचं. सुटत असेल तर मोहन, म्हणजे पिठातलं गरम तेल, जास्त पडतंय.

हलगी_कॅम्प

दिवाळीचं नव्हे, गणपतीचं लिहू काय?

बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे सगळ्यांना म्हाईत. मी हलगीला. सहा वर्षं झाली, आमच्या घरच्या गणपतीला पोचवायला मी नसतो. पाऊस असला की हलगी उतरते, नुसती थप्प थप्प. मग रस्त्याकडेला कागद, काटक्या पेटवायच्या, हलगी त्यावर तिरकी धरून फिरवायची, एका जागी धरली तर चामडं जळतंय. टिचकी मारून बघायची. टण्ण आली की परत गळ्यात. अख्ख्या रात्रीत असं सात-आठ वेळा.

एका वर्षी पहाटे कपिलेश्वर तळ्यापाशी आमचं मंडळ पोचलं आणि बघतो तर आई उभी. हातात डबा. घरचा गणपती बाबांनी संध्याकाळीच पोचवलेला. डब्यात एक मोदक आणि नैवेद्याचा वरणभात, गार झालेला. माझ्या बोटांना चिकटपट्ट्या, त्याच्याखाली रक्त वाळलेलं, घास वळता येईना. तिनं भरवलं. सगळ्या पोरांच्या समोर. मी २२ वर्षांचा. कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला, "काकू, मला पण एक घास द्या."

मावशी_गडहिंग्लजची

आले परत आणि हे वाचलं. पोळी तव्यावर करपली माझी. दादा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

यळ्ळूरचा_मृदंग

भावा 🙏

तंबोरा_निपाणी

माझी आठवण खंडेनवमीची. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, वह्या, बाबांची पान्ह्याची पेटी आणि माझा तंबोरा पूजेला. हात लावायचा नाही दसऱ्यापर्यंत. आज्जी फार कडक. भोपळ्यावर हळदी-कुंकवाची बोटं, खुंट्यांना झेंडूची माळ. तेव्हा मी अकरावीत, दिवसातून दोन वेळा खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावायची सवय, ती एकदम बंद. चैन पडेना. देव्हाऱ्यासमोर नुसती बसून राहिले.

संध्याकाळी आज्जीनं आरतीला घंटा वाजवली आणि थांबवली. घंटा थांबली तरी बारीक आवाज येतच राहिला. तंबोऱ्याच्या तारा. कुणी न छेडता आपल्या आपण बोलत होत्या. मी आज्जीकडं बघितलं, तिनं पण ऐकलेलं. तिनं परत एकदा घंटा वाजवली, मुद्दाम, आणि आम्ही दोघी आवाज पुरा विरेपर्यंत तशाच बसलो. आज्जी गेली दोन वर्षांपूर्वी. आता पूजा मी मांडते.

काळी_दोन

फार सुंदर. जोडीच्या तारा खर्जाला नीट मिळालेल्या असणार, त्याशिवाय अशा बोलत नाहीत. जवारी कुठं काढता, म्हणजे तारांखालची घोडी कुठं घासून घेता?

तंबोरा_निपाणी

मिरजेलाच, दुसरीकडं कुठं! बाबांच्या मांडीवरनं जातो तंबोरा.

निवृत्त_टिळकवाडी

मला वाद्य येत नाही, फक्त ऐकणारा आहे. वय ७१. धाग्याच्या विषयाशी संबंध आहे म्हणून लिहितो.

गायक कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या आपल्या सुळेभावीचा, ८ एप्रिल १९२४. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. घरची भाषा कानडी. लहान वयातच मोठमोठ्या मैफली केल्या, मग मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले. पुढे क्षयानं गाठलं आणि देवासला काही वर्षं गाणं पूर्ण बंद. गायला मनाई. त्या काळात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी आसपासची माळव्याची लोकगीतं ऐकली, आणि उठल्यावर ती त्यांच्या गाण्यात आली. म्हणून मुलीला सांगा ताई, बाळंतिणीसाठी हात थांबला तरी कान चालू ठेव. कुमारांच्या नावाचं रंगमंदिर आहे आपल्या गावात, त्याच्यासमोरून जाताना मी आजही थांबतो क्षणभर.

पेटीवाले, तुमचे सर हयात आहेत का?

चिरमुरे

काका किती छान सांगितलंत. (चकली जमली!! मोहनच जास्त होतं.)

डग्गा_चिक्कोडी

२०२२ चा डिसेंबर. सीमाप्रश्न तापलेला, बसेस बंद. आणि माझी परीक्षा कोल्हापूरला. निपाणीपर्यंत आलो, पुढं काही नाही. वडापानं, म्हणजे शेअर गाडीनं, सीमेवरच्या कोगनोळीपर्यंत, तिथनं उतरून चालत, एका खांद्यावर तबला, दुसऱ्यावर डग्गा, पाठीला कपडे. पलीकडं दुसरं वडाप, आधीच चौदा माणसं. ड्रायव्हर म्हणाला सामान टपावर टाक. मी म्हटलं पुडी, वरचं चामडं, फुटंल, मी थांबतो मागच्या गाडीला. आतनं एक म्हातारी म्हणाली, "दे हिकडं." डग्गा पदरानं झाकून मांडीवर घेतला तिनं, कागलपर्यंत. खड्डा आला की वर हात ठेवायची, लेकरू असल्यासारखं. तिचं नाव विचारायचं राहिलं. परीक्षेत पहिली थाप मारताना तिचीच आठवण झाली.

पास झालो, पहिला वर्ग.

हलगी_कॅम्प

अभिनंदन रे. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय.

पेटीवाला_वडगाव

सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. हलगीवाल्या दादाचं आईला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, आत जाऊन मला चहा टाकून आणला.

काका, सर आहेत. आता ऐकायला कमी येतं. काल वही घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, ती लाल खूण सापडल्यावर तिथं बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, पेटी काढ. तोच अलंकार वाजवला. सरांनी हात पेटीच्या फळीवर टेकवून ठेवलेला, आवाज हाताला कळतो म्हणे. संपल्यावर मी वाट बघत होतो. म्हणाले, इन्नोम्मे.

मावशी_गडहिंग्लजची, आमच्या मामाची पोरं ह्या वेळी पहिल्यांदा भाऊबीजेला इकडं यायलेत. आता सगळे मोठे झालो, शाळा नाहीत कुणाच्या.

यळ्ळूरचा_मृदंग

पेटीवाल्या, उद्या कार्यक्रम हाय काय तुझा? आमच्या काकड्याचा पेटीवाला भात मळायला सासुरवाडीला गेलाय. मानधन नाही, पोहे मिळतील.

पेटीवाला_वडगाव

मोकळा आहे. चारला पोचतो. सूर काळी दोन धरू?

यळ्ळूरचा_मृदंग

नको, पांढरी चार. म्हातारी माणसं पहाटे चढंच गातात आमच्यात. आणि स्वेटर घालून ये, देवळात वारं लई असतंय.