मोटार रॅलीतून (शर्यतीतून) रस्त्यावर आलेल्या गाड्या : आपल्याकडे त्यांचं काय काम?

शेंद्रेकर : सुबारूची इम्प्रेझा एसटीआय, मित्सुबिशीची लान्सर इव्हो म्हणजे नुसता आवाज आणि डिकीवरचा पंखा (स्पॉयलर), असं इथं बरेच जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. ग्रुप ए या रॅलीच्या जुन्या गटाचा नियमच होता : रॅलीत उतरवायची त्या मॉडेलच्या सुरुवातीला ५०००, पुढे २५०० गाड्या कंपनीनं बनवल्याच पाहिजेत. म्हणजे जिंकायचं तर टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) आणि फोर व्हील ड्राइव्ह शोरूमच्या गाडीतच द्यायचं. लान्चिया डेल्टानं १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं कंपन्यांचं जगज्जेतेपद घेतलं, ते याच नियमात. एसटीआयमध्ये बटण दाबलं की इंटरकूलरवर, म्हणजे ती हवा गार करणाऱ्या जाळीवर, पाण्याचा फवारा बसतो. टर्बोनं दाबून तापवलेली हवा थंड झाली की घट्ट होते, इंजिनाचा दम टिकतो. भाजी आणायच्या गाडीत असलं बटण कोण देतं?

आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया तर आपल्या शेंद्र्यातच (संभाजीनगरजवळ) जोडली जायची. तीच २००१ च्या केनियातल्या सफारी रॅलीत तिसरी आली होती!

गेवराईचा गडी : दादा, ती 'तीच' नव्हे. रॅलीतली चारही चाकांवर पळायची, इथं विकलेली ऑक्टाव्हिया आरएस पुढच्या दोनच. बिल्ला तेवढा एक. आणि ऊस चालू झाल्यावर रात्री माजलगाव रोडला येऊन बघा. डबल ट्रॉली, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. तिथं २८० हॉर्सपॉवर कुठं वापरायची?

उदगीरवाला : ओल्या रस्त्याला फोर व्हील ड्राइव्ह सुरक्षित असते ना पण.

गेवराईचा गडी : गाडी वेग घेताना, भाऊ. थांबताना नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. पुढं काम टायरचं. शिवाय मातीतल्या रॅलीची गाडी उंच असते, शोरूमची इव्हो बुटकी. आपल्या स्पीडब्रेकरला पोट घासणार.

शेंद्रेकर : ब्रेकचं बरोबर आहे. पण रस्त्यावर पळवा असं मी म्हणतच नाही, मी बनावटीबद्दल बोलतोय. टोयोटाची जीआर यारिस बघा. साधी यारिस पाच दारांची, हिला तीनच दारं, छप्पर मागं उतरतं केलेलं आणि कार्बनचं. रॅलीसाठी बॉडीच वेगळी! आजच्या दोन टनांच्या एसयूव्हीत खेळासाठी बनवलेला एक तरी भाग दाखवा.

गेवराईचा गडी : बनावट भारी आहे, त्यात वाद नाही. पण ती गाडी कंपनी इथं विकत नाही, आणि बाहेरून आणलेल्या गाडीचा टर्बो गेला तर पार्ट यायला महिने. मारुतीच्या जिप्सीचं काहीही जाऊ द्या, बीडात दुपारपर्यंत गाडी चालू. मी जिप्सीच ठेवणार.

उदगीरवाला : जिप्सीपण रॅलीतच गाजली की! 'रेड द हिमालय' या डोंगरातल्या रॅलीत किती पळाल्या.

शेंद्रेकर : मग गडी, आपण दोघं एकाच पार्टीतले.

गेवराईचा गडी : नाही दादा. जिप्सी आधी कामाची होती, रॅलीत नंतर गेली.