ताकेदा शिंगेन यांच्या ध्वजावरील सुलेखन भिंतीवर लावायचे आहे: चार अक्षरे की चौदा?

प्रश्न

नमस्कार. सोळाव्या शतकातील जपानी सरदार ताकेदा शिंगेन (१५२१–१५७३) यांच्या युद्धध्वजावर आधारलेले सुलेखन अभ्यासिकेच्या भिंतीवर लावण्याचा माझा विचार आहे. विक्रीला असलेल्या बहुतेक कलाकृतींत 'फूरिनकाझान' ही चारच अक्षरे, म्हणजे वारा, वन, अग्नी आणि पर्वत, काळ्या शाईत लिहिलेली आढळतात. मूळ ध्वजावर मात्र संपूर्ण वचन होते असे वाचनात आले. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर कोणता मजकूर निवडावा, आणि हाताने लिहिलेली प्रत छापील प्रतीपासून वेगळी कशी ओळखावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण वाचले ते बरोबर आहे. प्राचीन चीनमधील सुन त्झू यांच्या युद्धशास्त्रावरील ग्रंथातले ते वचन ध्वजावर चौदा अक्षरांत आहे: वेग वाऱ्यासारखा, शांतता वनासारखी, आक्रमण अग्नीसारखे आणि स्थैर्य पर्वतासारखे. गडद निळ्या रेशमावर सोनेरी रंगात ही अक्षरे उभी लिहिलेली असून, काई प्रांतातील, म्हणजे आजच्या यामानाशीतील, एरिन-जी या झेन मठाचे प्रमुख काइसेन जोकी यांनी ती लिहिली असे परंपरा सांगते. १५८२ मध्ये ताकेदा घराण्याचा पाडाव झाल्यावर त्यांचे प्रतिस्पर्धी सरदार ओदा नोबुनागा यांच्या सैन्याने हा मठ पेटवला आणि काइसेन त्या आगीतच गेले. अग्नीचा उल्लेख असलेली ती ओळ हे ठाऊक असलेल्या माणसाला निराळ्याच गांभीर्याने वाचावीशी वाटते. चार अक्षरांचा संक्षेप पुष्कळ नंतरचा आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी, उभे आणि संपूर्ण वचनच घ्यावे.

प्रतिसाद २

इतिहासापुरते वरील मत मान्य आहे, पण सुलेखनाच्या दृष्टीने मी चार अक्षरांच्या बाजूने आहे. मध्यम आकाराच्या कागदावर चौदा अक्षरे बसवली, की प्रत्येक अक्षर लहान होते आणि कुंचल्याला मोकळेपणाने फिरायला जागा उरत नाही. चार अक्षरांत मात्र लिहिणाऱ्याच्या हाताचा दाब, वेग आणि थांबणे दुरूनही दिसते.

हस्तलिखित प्रत पाहताना ती तिरक्या उजेडात धरावी. खऱ्या सुमी शाईची (सुलेखनाच्या पारंपरिक काळ्या शाईची) कड वाशी या जपानी कागदाच्या तंतूंत किंचित पसरलेली असते, त्याला 'निजिमी' म्हणतात. शाई संपत आलेल्या वेगवान फटकाऱ्यात मधून मधून कागद दिसतो, त्याला 'कासुरे' म्हणतात. जिथे एक फटकारा दुसऱ्याला छेदतो तिथे शाईचे थर बहुधा वेगळे ओळखू येतात, तर छपाईत तो भाग सपाट दिसतो. लेखकाची लाल मुद्रा शाईनंतर स्वतंत्रपणे उमटवलेली असते, हेही तपासावे. आडव्या मांडणीत पारंपरिक क्रम उजवीकडून डावीकडे असतो. मात्र आजचे सुलेखनकार दोन्ही क्रम वापरतात, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून कलाकृतीला खोटी ठरवू नये.

गुंडाळता येणारी 'काकेजिकू', म्हणजे भिंतीवर टांगायची पट्टी, घेतलीत तर ती वर्षभर टांगून ठेवू नये. सुमी शाई काजळीची असल्याने टिकते, पण उन्हाने कागद पिवळा पडतो आणि दमटपणाने मागचे अस्तर सुरकुतते.

प्रतिसाद ३

एक पर्याय सुचवतो. शिंगेन यांच्याशी कावानाकाजिमा येथे १५५३ ते १५६४ या काळात पुनःपुन्हा लढलेले उएसुगी केनशिन यांच्या ध्वजावर 'बी' हे एकच अक्षर होते. ते बिशामोनतेन या देवतेच्या नावातील पहिले अक्षर, आणि बिशामोनतेन म्हणजे आपल्याकडील वैश्रवण, कुबेर. एका अक्षरात वर सांगितलेला मोकळेपणाही मिळतो आणि ध्वजावरील मजकुरात काटछाटही करावी लागत नाही.