सर्व्हर-स्टेटस पान बाहेरच्यांना का दिसते?

प्रश्न: अपाचे या वेब सर्व्हरचे सर्व्हर-स्टेटस पान (सर्व्हरकडे आलेल्या विनंत्या दाखवणारे) फक्त त्याच यंत्रावरून उघडावे, ही डेबियन या लिनक्स प्रणालीमधील मूळ सेटिंग मी बदललेली नाही, तरीही ते बाहेरून उघडते आणि त्यात इतरांचे मागवलेले दुवे सरळ वाचता येतात. असे का व्हावे?

प्रतिसाद: त्याच यंत्रावर अपाचेच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन अपाचेकडे देणारा मध्यस्थ, असावा. मग प्रत्येक विनंती १२७.०.०.१ वरूनच, म्हणजे त्याच यंत्रावरून, आल्याचे अपाचेला दिसते आणि ‘रिक्वायर लोकल’ हा फक्त त्याच यंत्राला परवानगी देणारा नियम सगळ्यांनाच आत सोडतो. टॉर या निनावी जाळ्यावरील काही ओनियन सेवांची (त्या जाळ्यातच चालणाऱ्या संकेतस्थळांची) माहितीही नेमकी अशीच फुटली होती.

प्रश्नकर्ता: प्रॉक्सी आहेच. हे पान दाखवणारे अपाचेचे मॉड्यूल बंद करावे का?

प्रतिसाद: वापरत नसाल तर खुशाल बंद करा, वापरत असाल तर त्या पानाचा मार्ग प्रॉक्सीवरच अडवा. मात्र दुव्यांत पासवर्ड बदलण्याची टोकन (त्यासाठीचे गुप्त संकेत) जात असतील, तर ती आधी रद्द करा.